लुंबिनीला जायचे की नाही?

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही आईला घेऊन लुंबिनीला जाऊन आलो. आपल्यापैकी पुष्कळजण लुंबिनीला जाऊन आले असतील. म्हणून केवळ तिथले वर्णन करण्यासाठी हे लिहीत नाही. आईला कॅन्सर आहे. तिला देशाबाहेर न्यावे की नेऊ नये, यावरून आमच्या घरात तीन महिने वाद चालला होता. तो वाद आणि तो प्रवास दोन्ही सांगावेत, कुणाच्या घरात हाच प्रश्न उभा असेल तर उपयोग होईल, असे आम्हा भावंडांना वाटले.

आम्ही तिघे घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढलो. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि घर आईवर आले. ती महापालिकेच्या रुग्णालयात आया होती. बत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाली. २०१९ साली तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन सगळे झाले. केस गेले, परत आले ते आखूड आणि पांढरे. मग २०२४ च्या जानेवारीत पाठ दुखू लागली. तपासणीत कळले की आजार हाडांत उतरला आहे. डॉक्टरांनी काही लपवले नाही. हा आता मुळासकट जायचा नाही, गोळ्यांनी आणि इंजेक्शनांनी दाबून ठेवता येईल. किती दिवस, ते सांगता येत नाही, असे त्यांनी आईच्या समोरच सांगितले.

त्या वर्षीच्या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. आई वाचायला शिकली ती मोठेपणी, नोकरी लागल्यावर. त्यामुळे वाचनाची पाळी आली की तिला मोठा आनंद होतो. महिला मंडळाने नोव्हेंबरात कुशीनगर आणि लुंबिनीला जायचे ठरवले, आणि आईने घरी कुणाला न सांगता आपले नाव दिले.

घरी कळले तसा गोंधळ उडाला. मामा म्हणाले, त्या पैशात दुसऱ्या मोठ्या डॉक्टरला दाखवू. आत्या म्हणाली, चैत्यभूमी आहे, दीक्षाभूमी आहे, परक्या मुलखात कशाला? आमच्यातला धाकटा म्हणाला, तिकडे काही झाले तर आपण काय करणार? बाबा तेवढे जायच्या बाजूचे. ते म्हणाले, १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांची तब्येत किती खालावली होती! तरी ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेलेच ना? त्यावर मामा म्हणाले, गेले, आणि ६ डिसेंबरला काय झाले तेही आठवा. मग कुणाला काही बोलता येईना.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बाबासाहेबांचं नाव घेऊन मला ढकलू नका आन् अडवू पण नका. बत्तीस वर्षं वॉर्डात बघितलं मी. पेशंटला सोडून सगळ्यांना विचारतात. आज माझ्या घरात तेच चाललंय."

खरे सांगायचे तर आम्हाला लाज वाटली. महिनाभर आम्ही तिच्याविषयी बोलत होतो, तिच्याशी बोललोच नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा विचारले, "आई, तुला कशाला जायचंय?" आमच्या मनात एक भीती होती. तिथे जाऊन बरे वाटेल, असा काही नवसासारखा विचार तिने धरला असेल तर? ती हसली. म्हणाली, "दगडाला हात लावून हाडं बरी होत नाहीत, एवढं मला कळतं. महामायेला दिवस भरलेले, तरी ती माहेराला निघाली. राजानं पालखी दिली, सोबतीला माणसं दिली, पण जाऊ नको म्हणाला नाही. वाटेत लुंबिनीत बाळ झालं. ती जागा मला बघायची आहे. आन् सात दिवसांत ती बाई गेली, तेही मी वाचलंय. मला ते सांगायची गरज नाही."

त्यानंतर वाद संपला आणि कामाला सुरुवात झाली. आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. या वेळी प्रश्न आईने विचारले, आम्ही फक्त लिहून घेतले. डॉक्टरांनी आधी कण्याची आणि मांड्यांच्या हाडांची तपासणी करून घेतली. वजन पेलणारे हाड पोकळ झाले असेल तर खड्ड्यातल्या एका धक्क्यानेही मोडू शकते, म्हणून. तपासणी ठीक निघाली. मग त्यांनी अटी घातल्या. काहीही उचलायचे नाही. रेल्वेत खालचा बर्थ आणि गाडीत पुढची जागा. गोळ्या दोन पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवायच्या, म्हणजे एक पिशवी हरवली तरी खाडा होणार नाही. औषधांची नावे लिहिलेले पत्र जवळ असावे. पाठ अचानक जास्त दुखली, पायातले बळ गेले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर सकाळची वाट न बघता मोठे रुग्णालय गाठायचे.

केमोथेरपी चालू असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे, हेही त्यांनी सांगितले. डोस दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या काळात १००.४ अंशांचा ताप हासुद्धा तातडीचा प्रसंग असतो. अशा वेळी लांबचा प्रवास नको. आईच्या २०१९ च्या केमोच्या वेळी ही यात्रा आली असती, तर 'नको' हेच उत्तर बरोबर ठरले असते.

पैशाचेही सांगतो. प्रवासाचा विमा काढायला गेलो तर जुन्या आजाराचा खर्च त्यात धरलेला नव्हता. बहुतेक विम्यांत तसेच असते, बारीक अक्षरे वाचून घ्यावीत. म्हणून पुढच्या स्कॅनचे आणि तीन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे आधी वेगळे काढले. उरले त्यात यात्रा बसवली. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला भाड्यात सवलत मिळते, पण ती उपचाराच्या प्रवासासाठी आहे. कुणीतरी सुचवले, तोच फॉर्म भरा, कोण बघतंय? आईने साफ नकार दिला. पूर्ण तिकीट काढले.

नेपाळ परदेश असला तरी रस्त्याने जाणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. नोटांचे नियम मात्र अधूनमधून बदलतात, ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. आम्ही रुग्णालयेही आधीच बघून ठेवली होती. अलीकडे गोरखपूरला एम्स आहे. पलीकडे चितवन जिल्ह्यात भरतपूरला बी. पी. कोइराला यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे, पण ते लुंबिनीहून बरेच लांब पडते. काही झाले तर उलटे फिरून गोरखपूर गाठायचे, असे ठरले.

कुशीनगर एक्सप्रेसने दीड दिवसात गोरखपूरला पोहोचलो. आई दर दोन तासांनी उठून डब्यात चार पावले चालायची. तिथून सोनौलीची सरहद्द शंभरेक किलोमीटर. कमानीपाशी एका पोलिसाने तिचे कार्ड हातात घेतले. फोटो जुना, लांब वेणीचा. त्याने फोटोकडे पाहिले, मग तिच्याकडे. आई म्हणाली, "मैंच है वो, सिर्फ बाल गया." तो हसला आणि कार्ड परत दिले. बाबांनी घड्याळ पंधरा मिनिटे पुढे केले, कारण नेपाळची वेळ आपल्यापुढे आहे. आईने मात्र आपले घड्याळ तसेच ठेवले. "गोळीची वेळ घाटकोपरची," म्हणाली.

भैरहव्याहून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. महामाया मंदिर बाहेरून साधे, पांढरे आहे. आत जुन्या विटांचे अवशेष आहेत आणि जन्मस्थान दाखवणारी शिळा आहे. तिच्यापुढून रांग सरकत राहते. बाहेर पुष्करिणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. हा स्तंभ १८९६ साली पुन्हा उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून त्याने गावाची पट्टी माफ केली आणि उत्पन्नाचा आठवाच हिस्सा घ्यायचे ठरवले, असे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे. आम्ही ते आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे नुसतं हात जोडून गेला नाही. गरिबाचं काहीतरी करून गेला."

मग ती झाडाखाली बसली. मंडळाच्या बायका पुढे निघाल्या. इथली विहारे एका दिवसात बघून होत नाहीत. थाई, म्यानमारचे, श्रीलंकेचे, चीनचे, एकेका देशाचे वेगळे. आई म्हणाली, "तुम्ही जा. मला जे बघायचं ते बघून झालं." आम्ही गेलो नाही. तासभर तिच्याजवळ बसून राहिलो. कुणी विशेष काही बोलले नाही. उठताना पाठ धरली होती, दोघांनी हात दिला. दुसऱ्या दिवसाचा कुशीनगरचा मुक्काम तिनेच रद्द करायला सांगितला, आणि आम्ही कुरकुर न करता परत फिरलो. जायचे तिने ठरवले होते, थांबायचेही तिनेच ठरवले.

आमच्याच वस्तीत एका मावशींना असाच आजार होता. त्यांची मुले त्यांना विमानाने श्रीलंकेला न्यायला तयार होती. त्या म्हणाल्या, मला माझ्या ओट्यावर बसायचंय, नातवंडं बघायचीत. त्या गेल्या नाहीत. त्यांचाही निर्णय तितकाच बरोबर होता, असे आम्हाला वाटते.

लुंबिनीहून आल्यावर पुढच्या स्कॅननंतर आईची गोळी बदलावी लागली. तो प्रवासाचा दोष नव्हता, आजाराचा स्वभाव होता, असे डॉक्टर म्हणाले. वर्षावासात तिने पुन्हा वाचनाची पाळी घेतली. लुंबिनीचे पान आले तेव्हा क्षणभर थांबली, चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागली.

ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांना एवढेच सांगणे, की डॉक्टरांना विचारा, पैशाचा हिशोब मांडा, कागदपत्रे बघा. पण सगळ्यात आधी जिला दुखणे आहे तिला विचारा. ती 'जाते' म्हणाली तर सोबत करा. 'नाही' म्हणाली तरी सोबत करा.

जयभीम.