झिलाला वरच्या संघात कधी पाठवायचं?

"डॉक्टर, झिलाक सोळाच्या टीमात घालू काय?" पाऊस सरून मालवणात मैदानं सुकली की तेरा-चौदा वर्षांच्या वेगवान गोलंदाजांचे पालक हमखास विचारतात. सोबत सचिनचा दाखला असतोच. डिसेंबर १९८८ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याने रणजी पदार्पणातच गुजरातविरुद्ध नाबाद १०० केल्या, हे खरं. पण ती फलंदाजी होती. वेगवान गोलंदाजाच्या कमरेचं गणित वेगळं.

या वयात उंची झपाट्याने वाढते आणि मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. प्रत्येक चेंडूला कंबर मागे वाकते, वळते. षटकं वाढली की तिथे बारीक तडा जाऊ शकतो. सुरुवातीला एक्स-रेमध्ये तो बरेचदा दिसतही नाही, एमआरआय करावा लागतो. मग काही महिने गोलंदाजी बंद.

म्हणून वय मी नंतर विचारतो. वर्षभरात पँट किती आखूड झाली? शाळा, क्लब आणि गावची टेनिस बॉलची स्पर्धा मिळून आठवड्याला किती षटकं होतात? मागे वाकल्यावर कंबर दुखते का? दुखत असेल तर आधी तपासणी, संघाचं नंतर बघू. नसेल तर खुशाल पाठवा, फक्त खालच्या संघातले सामने तेवढे कमी करा. दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांकडची षटकं बहुधा माहीत नसतात; ती तुम्हीच वहीत लिहा.