दोन पूर्णा

टेंभुर्णी म्हटलं की समोरचा माणूस विचारतो, "सोलापूरची ना?" पुणे-सोलापूर रस्त्यावरची, माढा तालुक्यातली ती टेंभुर्णी सगळ्यांना ठाऊक आहे. एसटीतून जाताना तिथं चहाला थांबलेले लोक भेटतात. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. हे सांगितल्यावर माणूस "अच्छा अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. पुण्यात अकरा वर्षं काढली, तेवढ्या काळात हे इतक्या वेळा घडलं की शेवटी मी "जालन्याकडचा" एवढंच सांगायला लागलो.

आता मी गावातच असतो. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. रात्री पावणेनऊला शटर अर्धं खाली ओढतो, आत एकच ट्यूब ठेवतो आणि काउंटरवर मोबाइल टेकवून बसतो. नऊ वाजता टेलिग्रामवर आमची प्रश्नमंजुषा सुरू होते. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि पंधरा सेकंद. बरोबर बोट पडलं तर पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडतात. चुकलं तर फोन थरथरतो. एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही. शेवटी यादी लागते. गुण सारखे असतील तर ज्याने कमी वेळ घेतला तो वर. पंधरा सेकंदांत गुगल करता येत नाही, निदान मला तरी येत नाही. त्यामुळे तिथं जे असतं ते डोक्यातलंच असतं.

मराठीत या खेळाला धड शब्द नाही. आपल्याकडे आहे ते 'सामान्य ज्ञान', आणि त्याला परीक्षेचा वास येतो. इंग्लंडात म्हणे लोक बिअर पिता पिता टोळ्या करून असले प्रश्न खेळतात, जिंकलं तर आणखी बिअर. आमच्याकडे जिंकलं तर तलाठी. नुसतं मजेसाठी कुणी पंचायत राजच्या समित्या पाठ करत नाही. बलवंतराय मेहता १९५७, वसंतराव नाईक १९६०, ल. ना. बोंगिरवार १९७०. माझ्या पिढीतल्या हजारो पोरांना ही नावं आजोबा-पणजोबांच्या नावांपेक्षा जास्त पक्की आहेत.

माझं हे वेड कुठून सुरू झालं ते नक्की सांगता येतं. 'कौन बनेगा करोडपती' जुलै २०००मध्ये सुरू झालं तेव्हा मी अठराचा होतो. केबल मोजक्या घरांत होती, त्यातल्या एका घराच्या ओसरीत आम्ही पंधरावीस जण बसायचो. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. तोही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. त्याचा शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता: संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा घटनेने कुणाला दिली आहे? ओसरीतून मी जोरात ओरडलो, "सरन्यायाधीश!" उत्तर होतं महान्यायवादी, म्हणजे ॲटर्नी जनरल. कलम ८८. त्या रात्री मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, मला काही येत नाही. दोन, जे मला येत नाही त्याचे एक कोटी रुपये मिळतात. (पुढे २०१९मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत महिना पंधराशे रुपयांवर खिचडी शिजवणाऱ्या बाई, एक कोटी जिंकल्या तेव्हा मी पुण्याच्या खोलीत एकटाच होतो. टाळ्या वाजवाव्यात की रडावं ते कळेना.)

पुण्याची अकरा वर्षं इथं सांगत बसत नाही. अभ्यासिकेची खुर्ची, मेसचा डबा, दर सहा महिन्यांनी 'यंदा नक्की'. मुख्य परीक्षा तीनदा, मुलाखत एकदा. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागलं तसा पुस्तकांची तीन पोती घेऊन गावी आलो. राज्यसेवेची ती पूर्वपरीक्षा आधी ५ एप्रिल २०२०ला होणार होती. ती पुढे ढकलत ढकलत १४ मार्च २०२१वर आली, तीही ऐनवेळी पुढे गेली, पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला झाली. जाहिरात आधीची होती म्हणून माझं वय त्यात बसलं. त्यानंतर खुल्या प्रवर्गाची अडतीसची मर्यादा संपली. माझी पूर्वपरीक्षा त्या वेळी निघाली नाही.

वय संपतं, पण पाठ केलेलं संपत नाही. कळसूबाई १६४६ मीटर. 'दर्पण' ६ जानेवारी १८३२. 'यमुनापर्यटन' १८५७. जालना जिल्हा १ मे १९८१. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३. हे सगळं घेऊन मी शेतात पाणी धरायचो. दुकान टाकल्यावर लोकांचे फॉर्म भरतानाही हे डोक्यात आपलं आपण चालू असायचं. कुणी जन्मतारीख २६ नोव्हेंबर सांगितली की मनात संविधान दिन.

हा ग्रुप लॉकडाऊनमध्ये आमच्याच अभ्यासिकेतल्या एका मुलाने सुरू केला. टेलिग्रामवर प्रश्नमंजुषेची सोय तेव्हा नुकतीच आली होती. आधी सगळे परीक्षेवालेच होते. मग कुणाचा मामा आला, कुणाची बहीण आली. हळूहळू एक निवृत्त शिक्षक, मस्कतला नर्स असलेली एक ताई, नवसारीतला एक मराठी हिरे-कारागीर, अकोल्याचा मेडिकलवाला असे लोक जमले, ज्यांना कुठलीच परीक्षा द्यायची नव्हती. मास्तर तर प्रत्येक उत्तरानंतर एक परिच्छेद लिहायचे. कुणीतरी त्यांना म्हणालं, "सर, आम्हाला फक्त 'ब' की 'क' एवढंच सांगा." मास्तर दोन दिवस आलेच नाहीत. मग सगळ्यांनी मिळून बोलावून आणलं.

मी पहिल्या तिघांत असायचो. हे सांगायला लाज वाटते पण सांगतो: यादीत आपलं नाव वर दिसलं की मला त्या रात्री झोप चांगली लागायची. पाव गुण कापला जायची भीती नाही, कट-ऑफ नाही. नुसतं बरोबर असणं.

थोरल्या भावाची मुलगी जाफराबादच्या कॉलेजातून पदवी घेऊन तलाठी भरतीच्या तयारीला लागली. २०२३च्या त्या भरतीत साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. तिचा फॉर्म मीच भरला, खुल्या गटाची हजार रुपये फीही मीच भरली. शंभर प्रश्नांतले पंचवीस सामान्य ज्ञानाचे. म्हणून तिलाही ग्रुपमध्ये घेतलं. आठवडाभर ती गप्प खेळली. एक दिवस दुकानात येऊन म्हणाली,

"काका, तुम्ही कामून खेळता हो हे?"

"कामून म्हणजे? बरं वाटतं."

"तुमचं वय तर गेलं ना."

ती वाईट बोलत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. मी काहीतरी हसून टोलवलं आणि आधार कार्डाची झेरॉक्स काढत बसलो. पण रात्री यादी बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्या खाली जी पंधरावीस नावं आहेत, ती पोरं रात्री यादी बघून 'आपण कुठं आहोत' याचा अंदाज बांधतात. आणि त्यांच्या वर मी बसलोय, जो कुठंच नाही.

म्हणून मी खेळणं कमी केलं आणि प्रश्न काढण्याचं काम मागून घेतलं. बुधवार माझा. पहिले काही बुधवार बरे गेले. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, या प्रश्नावर जवळजवळ सगळ्यांनी हॉकी दाबलं. उत्तर होतं 'अधिकृतपणे कोणताही नाही'. २०१२मध्ये केंद्राच्या क्रीडा खात्यानेच माहिती अधिकारात तसं उत्तर दिलेलं आहे. पोरं चिडली, गाइडमध्ये हॉकीच लिहिलंय म्हणाली. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, "गाइडवर विसंबू नका."

तिसऱ्या का चौथ्या बुधवारी मी प्रश्न टाकला: पूर्णा ही कोणत्या नदीची उपनदी आहे? पर्याय: तापी, गोदावरी, भीमा, वैनगंगा.

सटासट उत्तरं आली. तापी, तापी, तापी. मी उत्तर तापीच लावलेलं होतं. विचारही केला नव्हता, बोटांतूनच आलं. गोदावरीवर अगदी थोडी मतं पडली. पंधरा सेकंद संपले, पुढचा प्रश्न आला. वीस प्रश्न झाले आणि माझा फोन वाजला. पुतणी. घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर, तरी फोन.

"काका, आपली पूर्णा कुठं जाती?"

मी म्हणालो, "कुठं म्हणजे..." आणि तिथंच थांबलो.

आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. जाफराबादला तिला केळणा मिळते. पुढे येलदरीचं धरण, सिद्धेश्वरचं धरण आणि मग परभणी जिल्ह्यात ती गोदावरीत जाते. तापीला मिळते ती दुसरी. ती सातपुड्यातून निघून अमरावती, अकोला, बुलढाणा करत मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीत जाते. मला हे दोन्ही माहीत होतं. गोदावरीच्या डाव्या उपनद्या मी हजार वेळा लिहून काढल्यात: कादवा, शिवना, पूर्णा. त्यातली पूर्णा म्हणजे ज्या पूर्णेत मी लहानपणी पोहलो तीच, हेही माहीत होतं. पण 'पूर्णा ही कोणाची उपनदी' असा सुटा प्रश्न आला की हात तापीवर जायचा, कारण माझ्या जुन्या प्रश्नसंचात तसं होतं. ती मात्र तीन वर्षं कॉलेजला जाताना जाफराबादची नदी बघत होती. तिला गोदावरी सोडून दुसरं काही सुचलंच नाही. आणि तिचा फोन थरथरला होता.

"माझे एकोणीस झाले," ती म्हणाली. "वीस झाले असते. पहिली आले असते." मग जरा थांबून, "परीक्षेत असंच आलं तर काय दाबू, काका?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नाही. परीक्षेत नीट प्रश्न असेल तर 'विदर्भातील पूर्णा' असं लिहिलेलं असेल. नसेल तर? प्रश्न काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठली नदी होती याचा अंदाज बांधायचा. अकरा वर्षं मी तेच तर केलं.

टेलिग्रामवर प्रश्न गेला की दुरुस्त होत नाही. मी खाली लिहिलं: 'प्रश्न माझा चुकला. गोदावरी हेही उत्तर बरोबर. गोदावरीवाल्यांनी स्वतःला एक गुण वाढवून घ्यावा.' त्यावर जी काही गंमत झाली ती त्या ग्रुपातली माझी सगळ्यात आवडती रात्र. अकोल्याचा मेडिकलवाला म्हणाला, "आमची पूर्णा तापीलेच जाते, बाकीच्यांचं माहीत नाही." मास्तरांनी चार परिच्छेद लिहिले, आणि त्या रात्री कुणी त्यांना 'ब की क' विचारलं नाही. मग नवसारीवाल्याने फोटो टाकला, संध्याकाळचा, पुलावरून काढलेला. "ही आमची पूर्णा. डांगातून येते आणि कोणालाच मिळत नाही. थेट समुद्रात." मस्कतच्या ताईने लिहिलं की तिची ड्यूटी संपली, पण कपडे न बदलता ती वाचत बसलीय. पाऊणशे-ऐंशी मेसेज झाले. साडेअकराला मी शटर पूर्ण खाली ओढलं.

पुतणीची त्या वेळी निवड झाली नाही. थोडक्यात हुकली असंही म्हणता येणार नाही. ती आता पोलीस भरतीचंही बघते. पहाटे रस्त्यावर धावते, तिचे वडील मोटारसायकलवर मागे लाइट धरून असतात. बुधवारचं काम मी तिला दिलंय. ती म्हणाली होती, "वेळ जाईल माझा." मी म्हणालो, प्रश्न काढताना जेवढं पाठ होतं तेवढं सोडवताना होत नाही. हे खरं आहे का मला माहीत नाही, पण तिने घेतलं.

मी पुन्हा खेळायला लागलोय. मागच्या बुधवारी तिचा विसावा प्रश्न असा होता: टेंभुर्णी हे गाव कोणत्या तालुक्यात आहे? पर्याय: माढा, जाफराबाद, वरील दोन्ही, वरील दोन्ही व आणखीही.

मी 'वरील दोन्ही' दाबलं. फोन थरथरला. खाली तिने नांदेडकडच्या एका टेंभुर्णीचं नाव लिहिलं होतं, आणि पुढे, टेंभुर्णीची झाडं असतील तिथं टेंभुर्णी, बिडीची पानं तीच, याद्या करत बसू नका. ग्रुपात लगेच कुणीतरी लिहिलं, आमच्याकडे या झाडाला टेंभरू म्हणतात. कुणीतरी लिहिलं, तेंदू. मास्तर 'टायपिंग' दाखवत होते. मी खुर्ची ओढून बसलो.