हशाच्या जागा

गाण्यात जशा जागा असतात, तशा हशालाही असतात; आणि वयाबरोबर त्या हलतात, असे माझे आताशा मत झाले आहे.

१९८५ साली आकुर्डीला आम्ही सहा जण एका खोलीत राहत होतो. कुणी रत्नागिरीचा, कुणी लातूरचा, कुणी भंडाऱ्याचा. पाळ्या निराळ्या, चटण्या निराळ्या. साऱ्यांचा सामाईक पाहुणा एकच : पु. ल. देशपांडे, तेही कॅसेटमधून! ‘म्हैस’ लागली, की एस.टी.तले सगळे उतारू आमच्या खोलीत दाटीवाटीने बसत. शेजाऱ्याने भिंतीवर थाप मारली, तर ‘आवाज कमी करा’ असा तिचा अर्थ नसे. ‘वाढवा’ असा असे.

परवा दिवाळीच्या झाडलोटीत ती कॅसेट सापडली. वाजवायला यंत्रच उरले नाही. नातीने मोबाइलवर तेच शोधून दिले. ‘म्हैस’ला ती माझ्याआधी हसली. मग लागला ‘अंतू बर्वा’ : १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला. विशीत त्याच्या तिरकस बोलण्यावर आम्ही लोळून हसलो होतो. आता त्या तिरकसपणामागचे एकटेपण ऐकू आले. आमच्या सहांतले दोघे आता नाहीत. पु.लं.ना जाऊनही २००० सालापासून किती दिवाळ्या झाल्या! ध्वनिफितीतले प्रेक्षक मात्र अजून तस्सेच खदखदत होते.

“आबा, तुम्ही का नाही हसलात?”

“हसतो हं,” मी म्हटले, “ती म्हैस पुन्हा लाव पाहू. आणि आवाज वाढव.”