लेथ घेण्याआधी

‘लाकडाचा लेथ घ्यायचाय, कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ‘त्यावर काय कातणार?’ भाव आणि हॉर्सपॉवर पाठ असते, पण या प्रश्नापाशी बहुतेक जण अडतात.

लेथची मापं मुळात दोनच. बेडवर किती व्यासाचं लाकूड फिरेल आणि दोन टोकांमध्ये किती लांब बसेल. लाटणी, भोवरे, पटाशीच्या मुठी कातायच्या असतील तर १० इंची व्यासाचा, १६-१८ इंच लांबीचा छोटा लेथ भरपूर झाला. वाडग्यांची हौस असेल तर १२ इंची बघा. टेबलाचे पाय कातायला ३० इंच लांबी लागते. फ्लॅटच्या बाल्कनीत तो नाद सोडलेला बरा.

बेड मात्र बिडाचाच हवा. पत्र्याचा हलका लेथ थरथरतो आणि ती थरथर लाकडावर उमटते. दुकानात उभं असतानाच टेलस्टॉक पुढे सरकवून त्याचं टोक हेडस्टॉकच्या टोकाला भिडवून पाहा. टोकं समोरासमोर येत नसतील, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. स्पिंडलचे आटे प्रचलित मापाचे आहेत ना, तेही विचारा, नाहीतर पुढे चक मिळता मिळत नाही.

वेगाचा एक ठोकताळा आहे. लाकडाचा व्यास इंचात घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणलं, की उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावं. म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड ओंडका तर त्याहूनही सावकाश फिरवायचा. म्हणून मी ‘जास्तीत जास्त वेग किती’ हे विचारतच नाही, कमीत कमी किती ते विचारतो. तो ५०० च्या आत असावा.

आता हत्यारं. आठ-दहा पटाश्यांचा चकचकीत संच घेऊ नका, त्यातल्या निम्म्या पेटीतच राहतात. लांबट कामाला एक रफिंग गाऊज, एक स्पिंडल गाऊज, एक तिरकी स्क्यू आणि एक पार्टिंग टूल पुरे. वाडग्यासाठी बोल गाऊज वेगळी. रफिंग गाऊज वाडग्याला चुकूनही लावू नका. तिची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, ती मोडते आणि पातं अंगावर येतं. चेहरा झाकणारी ढाल पहिल्या दिवसापासून हवी.

पोलाद हायस्पीडचं घ्या. साधं कार्बन पोलाद ग्राइंडरवर निळं पडलं की तिथलं पाणी उतरलंच. कार्बाइडची बदलती पाती हल्ली फार खपतात, कारण धार लावायची कटकट नाही. मला ती पटत नाहीत. ती बहुधा लाकूड खरवडतात, आंब्यासारख्या लाकडाचे तंतू उपटतात आणि उरलेलं काम पॉलिश पेपरच्या गळ्यात येतं. नीट धार लावलेल्या स्क्यूमागून निघालेल्या लाटण्याला पेपर जवळजवळ लागतच नाही. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने ते ती घोटतात. ती झळाळी येते, कारण खालचा पृष्ठभाग हत्याराने आधीच साफ झालेला असतो.

तर खरा खर्च धारेचा. ८ इंची, मिनिटाला १४०० च्या आसपास फिरणारा सावकाश ग्राइंडर, त्यावर पांढरा दगड आणि कोन कायम ठेवणारा एक जिग. शिकायला सागवान नको. त्यात सिलिका असते, धार भराभर जाते. छाटणीतल्या आंब्याच्या ओल्या फांद्या मिळवा, ओलं लाकूड हत्याराखाली सुरेख सुटतं. आणि बजेटमध्ये ग्राइंडर बसत नसेल तर लेथ एक माप लहान घ्या, पण ग्राइंडर त्याच दिवशी घरी आणा.