ट्रॅक्टरचे दात

बैल घ्यायला बाजारात गेलात तर तुम्ही आधी काय बघता? रंग नाही आणि शिंगेही नाहीत. आधी दात बघता. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, एवढे कळले की वय कळते. वय कळले की त्याला किती काम लावायचे तेही ठरते. आता मला सांगा, तुमच्या दारात जो ट्रॅक्टर उभा आहे, त्याचे दात तुम्ही कधी पाहिलेत का?

मीही पाहिले नव्हते. त्याची किंमत आम्हाला कशी मोजावी लागली, तेच आज सांगते.

आम्ही ओझरचे, निफाड तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे. बागेच्या ओळींतून जाणारा एक छोटा ट्रॅक्टर आहे, तोही दुसऱ्याकडून जुना घेतलेला. आमच्याकडे बागेचे सारे काम याच छोट्या ट्रॅक्टरवर. त्याच्यामागे औषध मारायचा ब्लोअर लागतो, तोच रोटर ओढतो आणि तोच माल भरलेले क्रेट बाहेर काढतो. तो उभा राहिला की बाग उभी राहिली असे समजा.

ऑक्टोबर छाटणीला चाळीस दिवस झाले होते. बाग फुलोऱ्यात होती आणि वर आभाळ भरून आलेले. द्राक्षवाल्या घराला अशा आभाळाची भीती काय असते, ते वेगळे सांगायला नको. फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी येतो, आणि औषध आधी मारलेले असले तरच उपयोग. त्या दिवशी आमचे हे तापाने अंथरुणावर होते. गड्याने ट्रॅक्टर सुरू केला, दोन ओळी झाल्या आणि इंजिन तापून वाफ यायला लागली. बघतो तर पंख्याचा पट्टा तुटलेला. गड्याने त्याच्या चिंध्या काढल्या आणि उकिरड्यावर फेकल्या.

मुलगा मोटारसायकलवर नाशिकला गेला. तासाभराने त्याचा फोन आला.

“आई, दुकानदार विचारतोय, मॉडेल कोणतं आणि कोणत्या सालचं?”

“लाल आहे म्हणून सांग. द्राक्षाचा छोटा.”

“अगं, इथं दहा जण उभे आहेत. सगळ्यांचेच लाल आहेत!”

मी मामंजींना विचारले. ट्रॅक्टर घेताना विकणाऱ्याने तोंडी जे साल सांगितले होते ते त्यांना आठवत होते. तेच मी कळवले. पट्टा आला. डायनामो पार बाहेर ओढला तरी पट्टा सैलच. इंजिन पुन्हा तापले. तोवर अंधार पडला आणि रात्री पाऊस आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाशिक, पुन्हा तेच. औषध मारायला तिसरा दिवस उजाडला. आठवडा गेला नाही तोच पानांवर तेलकट पिवळे डाग दिसू लागले, आणि मग घड तपकिरी पडायला लागले. ओहोळाकडच्या चार ओळींचे घड आम्ही हाताने तोडून टाकले. वर्षाचे कर्ज त्याच घडांवर होते.

यात दुकानदाराचा दोष नव्हता. त्याने विचारले ते बरोबर होते. सांगता आम्हाला आले नाही.

आमच्या शेजारी नाना राहतात. सारी नोकरी त्यांनी विमान कारखान्यात काढली. १९६४ साली, यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री असताना, ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ विमाने वायुदलातून निवृत्तही झाली, पण नानांच्या हाताची शिस्त गेलेली नाही. ते आले, बोनेट उघडून बघितले आणि पाना न मागता म्हणाले, “वहिनी, आधी कागद आणा.”

“कसला कागद, नाना?”

“आर. सी. बुक.”

ते माझ्याच कपाटात होते, साड्यांच्या घडीखाली. किल्ली माझ्या कमरेला, आणि मी ते एकदाही उघडलेले नव्हते. त्यात इंजिन नंबर होता, चासी नंबर होता आणि ट्रॅक्टर कोणत्या महिन्यात, कोणत्या साली तयार झाला तेही छापलेले होते. विकणाऱ्याने सांगितलेल्या सालापेक्षा आमचा ट्रॅक्टर तीन वर्षांनी जुना निघाला. नानांनी समजावले, की नाव तेच असले तरी कंपनी मधल्या काळात आतले भाग बदलते. म्हणून रंग आणि नाव सांगून भाग मिळत नाही, नंबर सांगून मिळतो. विमानाच्या महत्त्वाच्या भागाला स्वतःचा नंबर असतो, आणि तो कधी बसवला, किती तास चालला याची नोंद ठेवतात. “विमान बिघडलं तर रस्त्याच्या कडेला थांबवता येत नाही,” नाना म्हणाले, “आणि तुमची बाग तरी पावसाला थांब म्हणू शकते का?”

त्या संध्याकाळी त्यांनी जे शिकवले ते तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

पहिले म्हणजे, पुस्तकातला नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर ताडून पाहा. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन कधी बदललेलेही असते. नंबर तेलाने, मातीने झाकलेला असतो. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा, पण पत्र्याने खरवडू नका. अक्षरे बुजलेली असतील तर वरून खडू घासा आणि टॉर्च तिरपी धरा, म्हणजे ती उठून दिसतात. ब्लोअर आणि रोटर यांची पट्टी वेगळी असते, तीही उतरवून घ्या.

दुसरे, पट्ट्याचे. पट्ट्यावर बहुधा इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. अक्षर रुंदी सांगते. वरच्या बाजूने ए म्हणजे १३ मिलिमीटर, बी म्हणजे १७ आणि सी म्हणजे २२. पुढचा आकडा आतल्या लांबीचा, इंचांत. बी-५२ म्हणजे आतून ५२ इंच. काही पट्ट्यांवर सरळ मिलिमीटरच असतात, जसे १३ रुंदी आणि १००० लांबी. आकडा पुसून गेला असेल तर तुटलेला पट्टाच घेऊन जा. नवा भाग बसून यंत्र चालेपर्यंत जुना भाग फेकायचा नाही, हे गड्यालाही सांगून ठेवा.

तिसरे, बेअरिंग. त्याच्या कडेवर ६२०५ असा आकडा असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा. ०५ पाचे २५, म्हणजे आतला दांडा २५ मिलिमीटरचा. ०४ पासून पुढे हा हिशोब चालतो. आकड्यापुढची अक्षरेही उतरवा. झेड झेड म्हणजे दोन्हीकडून पत्र्याचे झाकण, टू आर एस म्हणजे रबराचे. धूळपाण्याच्या जागी रबराचे झाकण बरे. ऑईल सीलला तीन मापे लागतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी.

चौथे, टायर. ८.००-१८ लिहिले असेल तर रुंदी ८ इंच आणि रिंग १८ इंचाची. बॅटरीचे व्होल्ट, अँपिअर तास आणि अधिक टोक कोणत्या हाताला आहे, ते पाहा. इंजिनात कोणते ऑईल आणि किती, फिल्टर कोणत्या नंबरचा, हे कंपनीच्या पुस्तकातून घ्या. शेजाऱ्याने टाकले म्हणून तेच टाकू नका. आणि ऑईल बदलाल त्या दिवशी मीटरवरचे तास लिहा. ट्रॅक्टरची देखभाल महिन्यांवर नसते, तासांवर असते. फवारणीच्या दिवसांत तो महिन्याभरात जेवढा चालतो, तेवढा उन्हाळ्यात तीन महिन्यांतही चालत नाही.

हे सारे आम्ही एका वहीत लिहिले. पण वही सापडत नाही हा घराघरातला अनुभव. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर मामंजी म्हैस कधी लागली, कधी विणार, ते कोळशाने लिहून ठेवतात. त्याच्याच शेजारी मी पांढऱ्या ऑईलपेंटने ट्रॅक्टरचे नंबर लिहिले. त्यांचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. एक पट्टा आणि एक फिल्टर जादा आणून खुंटीला टांगला आहे. मामंजी आधी हसले. मग म्हणाले, “म्हशीची तारीख चुकली तर रेडकू जातं. याची चुकली तर बाग जाते. बरं केलंस.”

बायांनो, तुम्हाला मुद्दाम सांगते. ट्रॅक्टर पुरुषांचा म्हणून आपण तिकडे बघत नाही. पण कर्जाच्या कागदावर सही आपलीही असते आणि कपाटाची किल्ली आपल्याच कमरेला असते. बिघाड काही घरधनी घरी असतानाच होतो असे नाही.

तेव्हा आज संध्याकाळी धार काढून झाली की टॉर्च आणि फडके घेऊन ट्रॅक्टरपाशी जा. मुलांना बरोबर घ्या, त्यांची नजर चांगली असते. अर्ध्या तासाचे काम आहे. आमच्या त्या चार ओळी अर्ध्या तासाने वाचल्या असत्या.