'अचानक' या शब्दाची व्याख्या

आई-बाबा अमेरिकेला यायचे ठरले की मराठी घरात कामांची एक ठरलेली यादी सुरू होते. व्हिसा, तिकीट, भाजणी-मेतकुटासकट बॅगांचं वजन, आणि सगळ्यांत शेवटी विमा. न्यू जर्सीतल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांची विमा निवडायची पद्धत एकच: आधी ज्यांचे आई-बाबा येऊन गेले त्यांना विचारायचं आणि तेच घ्यायचं. गेल्या वर्षी माझे आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होते, तेव्हा मात्र मी पॉलिसीचे सगळे कागद शेवटपर्यंत वाचले. बाबा ६८ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह, आणि २०१७ साली बसवलेला एक स्टेंट.

अमेरिकेत २०१४ पासून नेहमीचा आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना जुन्या आजारामुळे कुणाला नाकारता येत नाही. पाहुण्यांसाठीचा अल्पमुदतीचा विमा त्या कायद्याबाहेर राहतो. भारतातल्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी वाट बघावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने, मग तो आजार विम्यात येतो. सहा महिन्यांच्या पॉलिसीत वाट बघायला वेळच नसतो. त्यामुळे ती जुना आजार सरळ वगळते.

या पॉलिसी ढोबळमानाने दोन जातींच्या. एक स्वस्त, जिच्यात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते. डॉक्टरची एक भेट म्हणजे इतके डॉलर, रुग्णालयातला एक दिवस म्हणजे इतके. बिल त्याच्या दहापट आलं तरी उरलेलं आपलं. दुसरी महाग, जी बिलाच्या प्रमाणात पैसे देते. त्यात आधी डिडक्टिबल, म्हणजे आपण भरायची पहिली रक्कम. समजा ती २५० डॉलर आहे, पुढच्या ५,००० डॉलरचे २० टक्के आपले आणि त्यावरचं सगळं मर्यादेपर्यंत कंपनीचं. मग १२,००० डॉलरच्या बिलात आपल्या खिशातून १,२५० जातात. मी दुसरी घेतली, एक लाख डॉलरच्या मर्यादेची. बाबा सत्तरीच्या आतले होते हे बरं झालं, कारण बऱ्याच कंपन्या सत्तरीनंतर ही मर्यादा खूप खाली आणतात.

एक गोष्ट मला विचित्र वाटली. अर्जात प्रकृतीबद्दल एकही प्रश्न नव्हता. नाव, वय, पासपोर्ट, तारखा, झालं. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश झाले. "मग आपण कशाला स्टेंटचं काढायचं?" मी म्हटलं, "बाबा, ते आत्ता विचारत नाहीत. बिल गेलं की विचारतात. तेव्हा गेल्या काही वर्षांचे सगळे कागद मागवतात." ते गप्प झाले. मागून आई म्हणाली, "मी सांगते गं, लिहून घे," आणि तिने औषधांची नावं, मात्रा, कधीपासून, सगळं सांगितलं. त्यातल्या दोन गोळ्यांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

कागदांतलं एक कलम मी पुनःपुन्हा वाचलं. जुना आजार वगळलेला असला, तरी तो अचानक उसळला तर उपचारांचे पैसे मिळू शकतात. पण 'अचानक' या शब्दाला तिथे व्याख्या आहे. आधी कसलीही सूचना नको, दुखणं झपाट्याने वाढणारं हवं, आणि पहिलं लक्षण दिसल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेतलेले हवेत. हळूहळू बळावत गेलेलं दुखणं यात बसत नाही.

माझे बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले. लोकांच्या घरचे दिवे गेले की ते मध्यरात्री बाहेर पडायचे, पण स्वतःचं दुखणं कायम 'बघू सकाळी'. २०१७ मध्येही त्यांनी दोन दिवस छातीतली कळ पित्ताच्या नावावर खपवली होती. सांगलीत तसं करून ते वाचले. इथे तेच केलं असतं तर जिवाचा धोका होताच, शिवाय त्या कलमानुसार विमाही हातचा गेला असता. कुठली पॉलिसी घ्यायची हा प्रश्न तसा सोपा होता. चार कोष्टकं शेजारी ठेवली की सुटला. अवघड होतं ते बाबांना बोलतं करणं.

ते आल्यावर पहिल्याच रविवारी मी ते कलम त्यांना मराठीत वाचून दाखवलं. "रुग्णालयात नेलं तर केवढं बिल येईल," हीच त्यांची धास्ती होती. मी सांगितलं की इथल्या १९८६ च्या कायद्यामुळे आपत्कालीन विभाग पैशांसाठी तपासणी नाकारत नाही. बिल नंतर येतं, त्याचं आपण बघू. "आणि बाबा, तुम्ही गप्प राहिलात तर ते बिल जास्त येईल." हिशेबाची भाषा त्यांना पटली. त्यांनी मान डोलावली आणि २४ हा आकडा आपल्या डायरीत लिहून ठेवला.

नोव्हेंबरात एका रात्री दोन वाजता आमच्या दारावर टकटक झाली. "जळजळतंय छातीत. पित्तच असेल, पण तू म्हणाली होतीस." ईसीजी झाला, काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासलं. हृदय ठीक होतं, पित्तच निघालं. कंपनीने सांगलीचे जुने कागद मागवले, दोन महिने घेतले आणि आपला वाटा भरला. आमच्या वाट्याला डिडक्टिबल, २० टक्के, आणि भरती न होता आपत्कालीन विभागात गेल्याचा एक वेगळा आकार आला. बाबांनी तो आकडा दोनदा विचारला आणि रुपयांत करून पाहिला.

"पित्तासाठी एवढे?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं. पुढच्या वेळीही उठवा, असंही सांगितलं.