गुडघे टेकण्याआधी

आमच्या पांढुर्ण्यात एकाच अवयवाला तीन नावे आहेत. पुस्तकातल्या मराठीत तो गुडघा. घरी, मायच्या तोंडी, तो टोंगळा. आणि कचेरीतल्या, दवाखान्यातल्या कागदावर तो घुटना. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. २०२३ साली सौसर-पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला. पण ही तिन्ही नावे जिथल्या तिथे आहेत. गंमत अशी की, हिंदीत 'घुटने टेकना' म्हणजे जे, तेच मराठीत 'गुडघे टेकणे'. शरणागतीच्या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे! पन्नाशी उलटेपर्यंत हा वाक्प्रचार मी मुलांना नुसता शिकवला. त्याचा अर्थ कळला तो एका पंगतीत.

एका माजी विद्यार्थ्याचे लग्न होते. टेबल-खुर्च्यांची सोय असूनही मी हौसेने पंगतीला मांडी घालून बसलो. जेवण झाले, हात धुवायला उठू लागलो, तो उठताच येईना. एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा. शेवटी दोन तरुण धावत आले. ज्यांना मी कधीकाळी बाकावर उभे केले होते, त्यांनीच त्या दिवशी मला बखोटीला धरून उभे केले.

तेव्हापासून जिथे जावे तिथे 'सर, खुर्ची घ्या.' शाळेच्या प्रार्थनेला खुर्ची, भजनाला खुर्ची, गणपतीच्या आरतीलाही खुर्ची. घरी सौ.ने जिना चढायला बंदी केली. मुलगा म्हणाला, 'बाबा, शाळेत मोटारसायकलवर सोडून देत जाईन.' मान वाढला आणि चालणे घटले. मलाही ते बरे वाटू लागले होते. मग एका संध्याकाळी ओसरीत बसलो असताना एकदम ध्यानात आले की, मी जिथे बसलो आहे तिथेच मायची बाज असायची.

मायने उभा जन्म संत्र्याच्या बगिच्यात काढला. साठी ओलांडल्यावर तिचे दुखणे सुरू झाले. 'टोंगये लय दुखून राह्यले रे बाबू,' ती म्हणायची. आम्ही सारी शिकलेली मुले. आम्ही एकमताने ठरवले की, मायने आता काही करायचे नाही. 'तू बसून राहा,' हे वाक्य माझेच. ओसरीत बाज टाकली. पाण्याचा तांब्या हाताशी, ताट हाताशी. शनिवार साधून जामसावळीच्या मारुतीला जायची तिची सवय होती. 'बसचे धक्के कशाला खातेस, गाडीने नेऊ,' असे आम्ही सांगितले. गाडी कधी मोकळी नसे. मोकळी झाली तेव्हा तिला गाडीत चढता येईना. जामसावळीचा मारुती निजलेला आहे. तो देव आहे, त्याला ते शोभते. माय मात्र बाजेवर आडवी झाली ती पुन्हा धडपणे उभी राहिली नाही.

असो. हे आठवले आणि दुसऱ्याच आठवड्यात मी नागपूरची गाडी पकडली. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहिला. 'झीज आहे, पण शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही,' असे म्हणून फिजिओथेरपीच्या खोलीकडे बोट दाखवले. तिथली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा वयाची. मी शहाण्या रुग्णासारखे सांगितले, 'मी पूर्ण विश्रांती घेतो आहे.' ती म्हणाली, 'सर, तेच तर चुकतंय.'

मग तिने मला समजावले, आणि आयुष्यात फार वर्षांनी मी बाकावरच्या मुलासारखा ऐकत राहिलो. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ह्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होते. आपण चालतो तेव्हा ती दाबली जाते आणि सुटते. स्पंजासारखी द्रव सोडते आणि पुन्हा शोषून घेते. म्हणजे हालचाल हेच तिचे जेवण. दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूंची. पाऊल टेकताना बसणारा हिसका हे स्नायू झेलतात. दुखते म्हणून आपण बसतो, बसल्याने स्नायू वाळतात, मग हिसका थेट सांध्यावर येतो, आणि आणखी दुखते. मायच्या मांड्या शेवटी काड्यांसारख्या झाल्या होत्या. मी ते म्हातारपण समजलो होतो. त्यात आमच्या मायेचाही वाटा होता, हे त्या दिवशी कळले.

आमच्या पिढीची एक अडचण आहे. व्यायाम म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे जोर-बैठकाच येतात. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याचे नाव लहानपणापासून ऐकत आलो. पण बैठकेत गुडघा पूर्ण वाकतो आणि त्यावर सारा भार येतो. दुखऱ्या गुडघ्याला ते मानवत नाही. बैठका जमत नाहीत म्हणजे व्यायामच संपला, असे आम्ही धरून चालतो. मधली वाट असते, हे ठाऊकच नसते.

ती मधली वाट सांगतो. सतरंजीवर, किंवा खाली बसवत नसेल तर पलंगावर, पाय लांब करून बसायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. असे दहा वेळा. मग उताणे निजून एक पाय वाकवून ठेवायचा, दुसरा सरळ ठेवून हातभर उचलायचा, पुन्हा पाच आकडे. तिसरा प्रकार भिंतीला हात लावून टाचा उचलण्याचा. आणि चौथा खुर्चीचा. उंच, भक्कम खुर्चीवर बसायचे आणि हाताचा आधार न घेता सावकाश उठायचे, सावकाश बसायचे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी (१९१८–२०१४) खुर्ची, लोड, पट्टा, घोंगडी अशी साधी साधने योगासनांना जोडली, ती अशाच न वाकणाऱ्या शरीरांसाठी. ज्या खुर्चीने मला बसवले होते, तिच्यावरूनच मी उठायला शिकलो.

चालायचे ते सपाट जमिनीवर, मऊ तळाचे बूट घालून. मी शाळेच्या मैदानावर दहा मिनिटांपासून सुरुवात केली. जुनी सायकल काढून सीट उंच करून घेतली. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. सायकलीवर शरीराचा भार सीट घेते, गुडघा नुसता फिरतो. पाण्यातला व्यायाम तर फारच सुखाचा. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की शरीराचा जवळजवळ निम्मा भार पाणी उचलून धरते. जवळपास तरणतलाव असेल त्यांनी पोहता येत नसले तरी उथळ बाजूला नुसते चालावे. आम्ही पोहायला शिकलो विहिरीत. पण विहिरीच्या पायऱ्या उतरणारे गुडघे असते तर हा लेखच लिहावा लागला नसता. जाम नदीला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, बहुधा पाणी असते. परंतु त्या दिवशी तिच्यात उतरणे गुडघ्यालाच काय, डोक्यालाही हितकर नाही.

डॉक्टरीणबाईंचा एक नियम वहीत लिहून ठेवला आहे. व्यायाम करताना थोडे दुखले तर भिऊ नये. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे वाढलेलेच असेल, तर मात्रा कमी करावी. व्यायाम बंद करू नये. पण गुडघा सुजून लाल किंवा गरम झाला, ताप आला, मध्येच अडकून बसला, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर घरचे उपाय सोडून आधी दवाखाना गाठावा.

तीन महिन्यांनी काय झाले? गुडघे नवे झाले नाहीत. झिजलेले ते झिजलेलेच. जिना उतरताना अजून कठड्याला हात लागतो, आणि पंगतीत मांडी घालायचा हट्ट मी सोडला आहे. पण रात्रीचा ठणका कमी झाला. मोटारसायकल बंद झाली, शाळेत पायी जातो. वजन चार किलोंनी उतरले. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, शरीराचे वजन जेवढे घटते त्याच्या सुमारे चौपट भार दर पावलाला गुडघ्यावरून कमी होतो. म्हणजे माझे सोळा किलो झाले. खांद्यावरचे संत्र्याचे कॅरेट खाली उतरवावे, तसे ते वाटते.

वाचकहो, दिवाळीला घरोघरी माणसे जमतात. तुमच्याही ओसरीत, खाटेवर नाहीतर खुर्चीत, कुणीतरी बसलेले असेल. आई, आत्या, नाहीतर सासरे. फराळाचे ताट त्यांच्या हातात नेऊन देताना 'तुम्ही बसून राहा,' असे शब्द प्रेमाने तोंडातून निघतील. ते जरा गिळावेत. 'चला, फाटकापर्यंत जाऊन पणत्या बघून येऊ,' असे म्हणावे आणि त्यांच्या चालीने चालावे. मायला हे एवढेसे वाक्य मी कधी म्हटले नाही. तिच्या बाजेच्या जागी आता ती उंच खुर्ची ठेवली आहे. रोज सकाळी तिच्यावरून दहा वेळा उठतो.